लपलेलं पहिलं बटण

"तू दिवसभर करतेस तरी काय गं?" असं वडील विचारायचे, आणि लेओकादी सांगायची, "बटणं." याच्यापुढे बोलणं कधी गेलंच नाही.

वडील म्हणजे बारनाबे तोए, तुगानच्या शाळेचे निवृत्त हेडमास्तर. चौतीस वर्षं हातात खडू धरलेला माणूस. त्यांच्या मते शर्टाला असतं ते बटण, काचेवर दिसतं ते चित्र, आणि चित्रं काढणं हे काही काम नव्हे. त्यांच्या जुन्या शाळेत दुसरीच्या वर्गावर जागा रिकामी झाली होती. ती त्यांनी लेकीसाठी बसमध्ये रुमाल टाकून सीट धरतात तशी धरून ठेवली होती. लेओकादीने भांडून, रुसून, आईचा वशिला लावून एक शेवटची मुदत मिळवली. बायकांच्या एका संघाने तिने केलेलं फोनवरचं पान पसंत केलं तर ती राजधानीत, वागादुगूत राहील. नाही केलं तर त्याच दिवशी तीनच्या बसने तुगान, आणि सोमवारपासून दुसरीचा वर्ग. हेडमास्तर शब्दाचे पक्के. ठरल्या दिवशी ते सकाळच्या बसने स्वतः आले, उतरल्या उतरल्या तीनच्या बसची दोन तिकिटं काढली आणि शर्टाच्या खिशात अशी खोचली की टोकं बाहेर दिसावीत.

संघ होता कारितेच्या झाडाच्या बियांचं लोणी काढणाऱ्या बायकांच्या बावन्न गटांचा. दरवर्षी त्यांचा मेळा भरतो आणि मेळ्यात जागा हवी तर अर्ज भरावा लागतो. यंदा हा अर्ज कागदावरून फोनवर आणायचं ठरलं. ते काम मिळालं लेओकादीला आणि रासमाने निकिएमाला. शिंप्याच्या दुकानावरची एक खोली, दोन संगणक, एक पंखा आणि ही दोघं, एवढीच त्यांची कंपनी.

संघाच्या अध्यक्षा मादाम इल्बूदो. वय बासष्ट, आवाज खर्जातला, अध्यक्ष होण्याआधी तीस वर्षं टायपिस्ट. पहिल्या खेपेला त्यांनी पान उघडलं, गटाचं नाव लिहिलं आणि 'जपून ठेवा' हे बटण दाबलं. झालं. पानभर लाल अक्षरं उमटली. गाव लिहा, फोन लिहा, बरण्या किती आणणार ते लिहा, पुढारीण कोण ते लिहा.

मादामनी चष्म्यावरून पाहिलं. "मी याला नुसतं ठेव म्हटलं," त्या म्हणाल्या, "आणि हे माझी उलटतपासणी घेतंय. माझ्या बायका लिहायला बसल्या की मध्येच मूल रडतं, मध्येच वीज जाते, मध्येच सासू हाक मारते. अर्धं लिहून ठेवायचं असतं गं त्यांना. ठेवताना कशाला विचारायचं? पाठवताना विचार काय ते. पुन्हा एकदा करून आण. तिसऱ्यांदा मी बघणार नाही."

बोलणं अगदी रास्त होतं आणि म्हणूनच लेओकादीला जास्त झोंबलं. तीन आठवडे ती हात धुऊन त्या दोन बटणांच्या मागे लागली. आता पानावरच्या प्रत्येक रकान्याने तोंड उघडण्याआधी बघायचं, बोट कुठल्या बटणावर पडलंय. 'जपून ठेवा'वर पडलं असेल तर गटाचं नाव आहे ना एवढंच पाहायचं, बाकीच्यांनी गप्प बसायचं. 'पाठवा'वर पडलं असेल तर मग ज्याला जे हवं ते त्याने मागून घ्यायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण एक रकाना गप्प करावा तर शेजारचा ओरडायचा, आणि तिच्या नाकी नऊ यायचे. शेवटी एकदाचे सगळे वळणावर आले तेव्हा ती खोलीत एकटीच गोल गोल नाचली. खालच्या शिंप्याने छताला गज आपटून विचारलं, वर बकरी बांधली आहे का.

इथवर सगळं शहाण्यासारखं होतं. पण लेओकादी सामो जमातीची आणि रासमाने मोसी जमातीचा, आणि एक सामो नि एक मोसी एका खोलीत तीन आठवडे शहाण्यासारखे राहिल्याचं आमच्याकडे अजून कोणी ऐकलेलं नाही. दोन्ही जमातींचं पिढीजात थट्टेचं नातं पडतं ना. मोसी म्हणणार, सामो आमचे गडी. सामो म्हणणार, छे, तुम्ही आमचे. लग्नात म्हणणार, मयताला म्हणणार, डॉक्टर सुई टोचत असताना म्हणणार. रागवायचं मात्र कोणी नाही. जो रागावला तो हरला आणि वर गावभर त्याची शोभा.

"आलीस का, माझ्या आजोबांच्या गड्याची नात?" हा रासमानेचा रोजचा नमस्कार.

"आले. खोली झाडलीस की अजून लोळतोयस? असले गडी पोसून आमचं घराणं बुडालं." हा तिचा.

पान तपासायचं काम रासमानेचं होतं आणि तो दर वेळी स्वतःचंच नाव घालायचा. लेओकादीच्या डोक्यात किडा वळवळला. तिने 'चाचणी' नावाचं तिसरं बटण केलं आणि खाली जायचा त्रास नको म्हणून पानावर सगळ्यांत वर बसवलं. ते दाबलं की एक वेगळाच नियम जागा व्हायचा. अर्जदाराचं आडनाव मोसी असेल तर लाल चौकटीत मजकूर यायचा: 'थांबा. मोसी गड्याचा अर्ज मालकाच्या परवानगीशिवाय घेतला जात नाही. आपल्या सामो मालकाचं किंवा मालकिणीचं नाव लिहा.' खाली एक रिकामा रकाना. तो भरल्याशिवाय अर्ज हलायचा नाही. मोसी आडनावांची यादी तिला लागली, एकशे बारा आडनावांची. ती तिला मोठ्या हौसेने सांगितली खुद्द रासमानेने, कशाला हवी हे न विचारता.

पहिल्यांदा ते बटण दाबलं तेव्हा रासमाने खुर्चीवरून खाली आला आणि पंख्याखाली लोळून लोळून हसला. मग डोळे पुसून म्हणाला, "मेलो तरी नाव लिहिणार नाही. जगात कुठल्या मोसीने हे लिहून दिलेलं नाही आणि देणार नाही." त्यानंतर तो खोट्या आडनावाने तपासायला लागला.

दाखवायच्या दिवशी सकाळी ते बटण काढून टाकायचं होतं. लेओकादीने काढलं नाही, नुसतं दिसेनासं केलं. पुन्हा कधी त्याची जिरवावी लागली तर हाताशी असावं, एवढाच हेतू.

संघाच्या सभागृहात चाळीस बायका जमल्या होत्या. कोणाच्या पाठीला मूल, कोणाच्या हातात झूमकूमची, म्हणजे आलं घातलेल्या पेयाची बाटली. भिंतीवर पान मोठं करून दिसत होतं. शेवटच्या रांगेत हेडमास्तर ताठ बसले होते आणि खिशातून तिकिटांची टोकं डोकावत होती. लेओकादीची नजर पडद्यावरून तिकिटांवर आणि तिकिटांवरून पडद्यावर, एवढीच फिरत होती.

"घाबरू नकोस," रासमाने कानाशी कुजबुजला. "जमलं तर तुला कुत्र्याचं डोकं आणून देतो, भाजलेलं. तुम्हा सामोंना तेवढंच तर कळतं."

"आणशील तर तूच अर्धं खाशील," ती म्हणाली.

मादाम संगणकापुढे बसल्या. गटाचं नाव लिहिलं, स्वतःचं आडनाव लिहिलं, 'जपून ठेवा' दाबलं. पान गुपचूप म्हणालं, 'ठेवलं.' एका शब्दाने उलट विचारलं नाही. बायकांमध्ये समाधानाची कुजबुज पसरली. मादामनी बाकीचे रकाने भरले, फोन मुद्दाम सोडला आणि 'पाठवा' दाबलं. पानाने फक्त फोन मागितला.

"अस्सं," मादाम म्हणाल्या. "आता विचारतंय ते कामाचं विचारतंय."

लेओकादीचे पाय हलके झाले. शेवटच्या रांगेत हेडमास्तरांनी तिकिटं हळूच आत ढकलली, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. आता फक्त फोन लिहून पुन्हा 'पाठवा' दाबायचं होतं. मादामनी फोन लिहिला. पण तीस वर्षांच्या टायपिस्टची बोटं ती. ओळ संपली की करंगळी आपसूक जाते तशी गेली आणि त्यांनी एंटर दाबलं.

त्या तीन आठवड्यांत खोलीत पान भरताना एंटर दाबणारं कोणी नव्हतंच. दोघंही फोनवर वाढलेली, जे काही करायचं ते बोटाने बटण टोचून. एंटर दाबलं की संगणक काय समजतो हे लेओकादीला त्या क्षणी आठवलं, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. संगणक समजतो की माणसाने पानावरचं पहिलं बटण दाबलं. ते बटण डोळ्यांना दिसतंय की लपलंय याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही.

भिंतीवर दोन हात उंच लाल चौकट उमटली.

मादामनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. मग सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात एकेक शब्द वाचला. "थांबा. मोसी गड्याचा अर्ज मालकाच्या परवानगीशिवाय घेतला जात नाही. आपल्या सामो मालकाचं किंवा मालकिणीचं नाव लिहा."

पाठीवरची मुलंसुद्धा गप्प झाली. मादामचं माहेर मोसी, सासर मोसी, आणि दोन्हीकडचे आजोबा गावचे प्रमुख. थट्टेला त्या रागावणार नाहीत हे लेओकादीला ठाऊक होतं. पण कामात थट्टा घुसवणारीला घरी पाठवायला कुठला रिवाज आडवा येतो? आणि तिसऱ्यांदा बघणार नाही असं बाईंनी आधीच बजावलं होतं. त्या शांततेत मागून एक आवाज आला, नाकातून दाबलेलं हसू सुटल्याचा. लेओकादीने वळून पाहिलं. तिचे वडील रुमालात तोंड खुपसून बसले होते. ती सव्वीस वर्षांची होईतो तिने त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

"हे कोणी लिहिलं?" मादामनी विचारलं.

रासमाने ताडकन उभा राहिला. "मी."

"तुझं नाव?"

"निकिएमा."

"मोसी असून?" मादाम म्हणाल्या. "खाली बस. खोटं बोलायचं तर जरा अंगाला बसेल असं बोलावं."

आता सगळं सभागृह हसलं. लेओकादी उभी राहिली. "मी लिहिलं मादाम. लेओकादी तोए. माझी चूक झाली."

"तोए. म्हणजे सामो."

"हो."

"मी 'पाठवा' दाबलं नाही, 'जपून ठेवा' दाबलं नाही. मग हे मला विचारलं कोणी?"

लेओकादीने खरं ते सांगून टाकलं. लपवलेलं बटण, एंटर, पहिल्या बटणाचा मान, आणि ते सहकाऱ्याची जिरवायला केलं होतं हेसुद्धा. सांगता सांगता तिला रडू यायला लागलं, कारण तीनची बस तिला आत्ताच समोर उभी दिसत होती.

"म्हणजे एंटर दाबलं," मादाम म्हणाल्या, "आणि रांगेत पहिलं होतं त्याला वाटलं आपल्यालाच हाक मारली."

"हो मादाम."

"आणि ते तोंड लपवून बसलं होतं."

"हो."

"सामोच म्हणायचं. काम असलं की लपायचं, मालक म्हटलं की पुढे यायचं."

सभागृहात खसखस पिकली. सामो बायकांनी उठून निषेध केला, मोसी बायकांनी टाळ्या वाजवल्या. बिसा आणि गुरुंसी जमातींचंही असंच थट्टेचं नातं, त्यामुळे एका बिसा बाईला वेगळीच काळजी पडली. "आमच्या गुरुंसी गड्यांचं काय?" ती म्हणाली. "त्यांना नाही का विचारत हे पान? आम्ही काय फुकट जन्मलो?" त्यावर पलीकडून एक गुरुंसी आजी म्हणाली, शेंगदाण्यापायी वेड्या होऊन त्याच्याच पोत्यावर डोकं ठेवून झोपणाऱ्या बिसांनी दुसऱ्यांना गडी म्हणू नये. मग काय विचारता, दहा मिनिटं कोणी कोणाचं ऐकेना.

मादामनी टेबलावर हात आपटला. "हे दुरुस्त करायला किती वेळ?"

"दोन मिनिटं," लेओकादी म्हणाली. "बटण उपटून टाकायचं."

"थांब. आधी माझा अर्ज अडकलाय तो जाऊ दे." मादामनी खुर्ची पुढे ओढली. लाल चौकटीतल्या रिकाम्या रकान्यावर त्यांची दहाही बोटं येऊन थांबली.

"मादाम, नका," रासमाने म्हणाला. त्याचा चेहरा खरोखर पडला होता. "तुम्ही प्रमुखांच्या घरातल्या. उपटून टाकू ना आपण ते."

"गप्प बस रे."

दहा बोटांनी, न बघता, एका दमात त्यांनी लिहिलं: लेओकादी तोए. आणि एंटर दाबलं.

भिंतीवर अक्षरं आली: 'अर्ज मिळाला. आभारी आहोत.'

जे झालं त्याला काही तोडच नव्हती. सामो बायका बाकांवर चढल्या. मोसी बायकांनी कपाळाला हात लावले. कोणाची तरी झूमकूमची बाटली सांडली आणि तिच्यावरून कोणी तरी घसरलं. हसावं की मादामच्या पाया पडावं, लेओकादीला कळेना.

शेवटच्या रांगेतून हेडमास्तर पुढे आले. हातात तिकिटं होती. "मादाम," ते घसा खाकरून म्हणाले, "मी तिचा बाप. आज तीनच्या बसने तिला न्यायला आलोय."

"माझ्या मालकिणीचे वडील तुम्ही? बसा ना, उभे का?" मादाम म्हणाल्या. "पण न्याल कसे? मी लिहून दिलंय, चाळीस जणींसमोर. आता मी तिची. माझा मेळा तिच्या डोक्यावर, माझ्या बावन्न गटांची पानं तिच्या डोक्यावर, माझ्या बायकांची गाऱ्हाणी तिच्या डोक्यावर. गड्याला वाऱ्यावर सोडून मालकीण गावी गेली असं सामोंच्यात चालतं का? चालत असेल तर तसं सांगा. मी सगळ्या मोसींना कळवते."

हेडमास्तरांना चौतीस वर्षांत कुठल्या पोराने असं कोंडीत पकडलं नव्हतं. रासमानेला आता कुठे उमगलं आणि तो जमिनीवर बसून हसायला लागला. मादाम हरल्या नव्हत्या. हुकमाने जे काम मिळालं नसतं ते मालकीण म्हणून लेओकादीच्या गळ्यात बांधून त्या मोकळ्या झाल्या होत्या.

हेडमास्तर मात्र भिंतीकडे बघत होते. तिथे 'अर्ज मिळाला'च्या खाली मादामनी भरलेला अर्ज अजून दिसत होता. अर्जदार इल्बूदो, खाली मालकिणीचं नाव तोए. त्यांच्या वडिलांनी आणि आजोबांनीही प्रत्येक लग्नात, प्रत्येक मयताला मोसींकडून हेच वदवून घ्यायचा प्रयत्न केला होता आणि हात हलवत परत आले होते.

"हे," त्यांनी हळूच विचारलं, "छापून मिळेल का?"

छापून दिलं. खाली मादामनी सहीही केली, आणि सहीखाली संघाचा शिक्का मारला.

मग काम झालं. आता एंटर दाबलं तर काय करायचं, हे लेओकादीने मादामनाच विचारलं. "ठेवायचं," त्या म्हणाल्या. "करंगळी चुकली तरी कोणाचं काही हरवायला नको." म्हणून 'जपून ठेवा' पहिलं आलं. थट्टेचं बटण काढायला बायकांनी साफ नकार दिला. तेव्हा ते सगळ्यांत खाली, उघड, दिसेल असं ठेवलं. ज्याला हौस असेल त्याने दाबावं. बिसा आणि गुरुंसींची आडनावं रासमानेने तिथेच बसून लिहून घेतली, आणि हे काम त्याने गडी म्हणून नव्हे तर स्वखुशीने केलं, असं तो आजही सांगतो.

तीनला दहा कमी असताना लेओकादी वडिलांना पोचवायला बसपाशी उभी होती. हेडमास्तरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"दुसरीच्या वर्गाचं मी बघतो," ते म्हणाले. "बटणं... बरी करतेस."

ते चढले. लेओकादीने खिडकीतून पाहिलं. त्यांनी दोन्ही तिकिटं कंडक्टरला दाखवली, स्वतः कडेच्या सीटवर बसले आणि खिडकीच्या सीटवर, लेकीच्या सीटवर, तो शिक्का मारलेला कागद पाठीला टेकवून नीट बसवला. हे बघून तिला रडू फुटलं. तिला घेऊन जायला आलेला माणूस तिच्या जागी एक कागद घेऊन चालला होता, आणि खुशीत होता.

बस भरत आली. बरणी काखोटीला मारलेला एक दांडगा माणूस त्या सीटशी थांबला.

"काका, ही जागा रिकामी आहे का?"

"तिचं तिकीट काढलेलं आहे," हेडमास्तर म्हणाले. "आडनाव काय तुमचं?"

"झोंगो."

"मोसी?"

"मोसीच. का?"

हेडमास्तरांनी कागद दोन्ही हातांनी उचलून त्याच्यापुढे धरला. "मग आधी हे वाचा," ते म्हणाले, "मोठ्याने. मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे."